एचटीसी ड्रीम (टी-मोबाइल जी१): वेग, मेमरी आणि हार्डवेअरच्या मर्यादा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फोन माझ्याकडे २००९च्या गणपतीत आला. सिएटलला असणाऱ्या आतेभावाने सुट्टीवर येताना आणला होता, आणि तेव्हापासून तो माझ्या टेबलावरून हललेला नाही. त्याच्याबद्दल मला जे विचारलं जातं त्यातले बरेच प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत.

१. माझ्याकडे काकांनी अमेरिकेतून आणलेला टी-मोबाइल जी१ आहे. हाच एचटीसी ड्रीम का?

हो, तोच. तैवानच्या एचटीसीने बनवलेल्या फोनचं नाव ड्रीम; टी-मोबाइलने तो जी१ म्हणून विकला. २३ सप्टेंबर २००८ला न्यूयॉर्कमध्ये तो जाहीर झाला आणि २२ ऑक्टोबरपासून अमेरिकेत मिळू लागला. दोन वर्षांच्या करारासह किंमत १७९ डॉलर. अँड्रॉइडवर चालणारा, बाजारात आलेला हा जगातला पहिला फोन. प्रोग्रामरांसाठी हेच हार्डवेअर कुलूप न लावता ‘अँड्रॉइड डेव्ह फोन १’ या नावाने ३९९ डॉलरला मिळायचं.

भारतात अँड्रॉइड आलं ते २००९ मध्ये, एअरटेलने आणलेल्या एचटीसी मॅजिकमधून. मॅजिक म्हणजे ड्रीमचं सख्खं भावंड, फक्त सरकता कीबोर्ड नसलेलं. त्यामुळे आपल्याकडे कुणाच्या घरी जी१ सापडला तर तो बहुतेक वेळा नातेवाइकांच्या बॅगेतूनच आलेला असतो.

२. आत नेमकं काय काय आहे?

क्वालकॉमची एमएसएम७२०१ए ही चिप, तिच्यात ५२८ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकणारा एआरएम११ जातीचा प्रोसेसर. रॅम १९२ एमबी, अंतर्गत साठवण २५६ एमबी. ३.२ इंची पडदा, ३२० बाय ४८० पिक्सेल. ३.१५ मेगापिक्सेल कॅमेरा, ऑटोफोकस आहे, फ्लॅश नाही. बॅटरी ११५० एमएएच. वजन १५८ ग्रॅम, जाडी १७ मिलिमीटरच्या थोडी वर. पाच ओळींचा कीबोर्ड पडद्याखालून सरकून बाहेर येतो आणि खाली ट्रॅकबॉल.

हे आकडे आज किरकोळ वाटतील, पण २००८ मध्ये ते मुळीच कमी नव्हते. नोकियाचा एन९५ ३३२ मेगाहर्ट्झचा होता आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत रॅम ६४ एमबी होती. जी१ अडतो तो या आकड्यांमुळे कमी आणि त्यांची आत जी वाटणी झालीय तिच्यामुळे जास्त. पुढची निम्मी उत्तरं या वाटणीबद्दलच आहेत.

३. खोक्यावर १९२ एमबी रॅम लिहिलंय, पण फोन ९७च्या आसपास दाखवतो. बाकीची खराब झाली का?

नाही, तुमची रॅम शाबूत आहे. एमएसएम७२०१ए मध्ये दोन प्रोसेसर आहेत. एआरएम११ वर अँड्रॉइड चालतं. दुसरा एआरएम९, तो फक्त मोडेम सांभाळतो: नेटवर्क शोधणं, कॉल, डेटा. दोघांना रॅम मात्र एकच. फोन सुरू होतानाच मोडेम आपला हिस्सा काढून घेतो, आणि तो अँड्रॉइडला दिसतसुद्धा नाही. मग ग्राफिक्ससाठी एक तुकडा राखून ठेवला जातो, कॅमेरा आणि व्हिडिओसाठी आणखी एक. राहिलं ते अँड्रॉइडचं, म्हणजे साधारण निम्मं.

त्या निम्म्यात लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा), सिस्टिमच्या सेवा, फोनचं अ‍ॅप, जीमेलचं सिंक आणि होम स्क्रीन बसवायची. हे सगळं बसल्यावर तुम्ही उघडाल त्या अ‍ॅपला फारच थोडी जागा राहते.

ग्राफिक्सच्या वाट्यातून १० एमबी काढून अँड्रॉइडला देण्याची एक युक्ती हौशी मंडळींनी शोधली होती. ती चालते, पण त्रिमिती खेळ बंद पडतात. मी ती सहा महिने वापरली. मला खेळांचं वेड नसल्याने काही बिघडलं नाही. नंतरच्या नव्या रेडिओ फर्मवेअरने (मोडेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) मोडेमचा हिस्साच थोडा कमी केला आणि तेवढी जागा कशाचाही बळी न देता मिळाली. दोन्हींसाठी फोन रूट असावा लागतो, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण अधिकार मिळवलेला (प्रश्न १२).

४. ब्राउझरमधून होमचं बटण दाबलं की नुसता वॉलपेपर दिसतो आणि आयकॉन एकेक करत येतात. हे काय आहे?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. घडतं काय ते सावकाश बघा. ब्राउझरमध्ये चित्रांनी भरलेलं पान उघडा आणि होम दाबा. आधी रिकामा वॉलपेपर. एक-दोन सेकंदांनी घड्याळाची तबकडी उमटते, काट्यांसकट. मग खालच्या ओळीत डायलर, मग कॉन्टॅक्ट्स, मग ब्राउझर, मग नकाशे. अ‍ॅप्सचा खण तोवर ओढला तर तो अर्ध्यावर थांबतो.

याचं कारण असं की होम स्क्रीन हेसुद्धा एक अ‍ॅपच आहे. रॅम संपत आली की कर्नलमधला एक पहारेकरी, ‘लो मेमरी किलर’, समोर नसलेल्या अ‍ॅप्सना क्रमाने बंद करत जातो. ब्राउझर हावरट आहे. त्याने जागा मागितली की मागे गेलेल्या होम स्क्रीनचा बळी जातो. तुम्ही परत येता तेव्हा ती तुमच्यासाठी नव्याने सुरू होत असते: प्रत्येक आयकॉन साठवणीतून वाचायचा, त्याचं चित्र बनवायचं, मांडायचं. फोन बिघडलेला नाही, तो कसाबसा संसार चालवतोय.

वॉलपेपर साधा ठेवा, विजेट एखादंच ठेवा, होम स्क्रीनवर आयकॉन कमी ठेवा. फरक डोळ्यांना दिसतो. सायनोजेनमॉडमध्ये (हौशी मंडळींनी बनवलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्तीत) होम स्क्रीन मेमरीत कायम धरून ठेवायची सोय आहे. ती चालू केली तर होम झटकन येते, पण ब्राउझर लवकर बंद पडू लागतो. जागा तेवढीच आहे, एकाला दिली की दुसऱ्याची जाते.

५. मग टास्क किलर टाकू का?

नको. त्या काळी प्रत्येकाच्या फोनवर एक असायचाच, माझ्याही होता. त्याने बंद केलेली बरीचशी अ‍ॅप्स सिंकसाठी किंवा संदेशासाठी लगेच पुन्हा उठतात, आणि दर वेळी उठताना प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही खातात. जागा लागेल तेव्हा ती मोकळी करायचं काम वरचा पहारेकरी करतोच.

६. प्रोसेसर ५२८ मेगाहर्ट्झचा आहे ना? मग मोजमापाच्या अ‍ॅपमध्ये ३८४ का येतं?

चिपची क्षमता ५२८ आहे, पण मूळ फर्मवेअर तिला ३८४ च्या वर जाऊ देत नाही. बॅटरी लक्षात घेतली तर (प्रश्न १६) निर्णय समजण्यासारखा आहे. वेगळं कर्नल टाकलं की ५२८ मिळतं आणि फोन तरतरीत वाटतो. काही जण त्याच्याही वर चढवतात. मी चढवत नाही, कारण मेमरीची अडचण त्याने सुटत नाही आणि असा दुसरा फोन मला मिळणार नाही.

७. १६ जीबीचं कार्ड जवळजवळ रिकामं आहे, तरी ‘जागा कमी आहे’ असा संदेश येतो. का?

कारण अँड्रॉइड २.१ पर्यंत अ‍ॅप्स कार्डवर बसतच नाहीत. कार्ड फक्त फोटो, गाणी आणि फाइलींसाठी. अ‍ॅप्स जातात अंतर्गत साठवणीत आणि तिथेही वाटण्या झालेल्या आहेत.

२५६ एमबी पैकी ६७.५ एमबी सिस्टिमला, तेवढेच ६७.५ एमबी कॅशला (तात्पुरत्या फाइलींना), आणि तुमच्या अ‍ॅप्सना व माहितीला ७४.७५ एमबी. उरलेल्यात बूट, रिकव्हरी, रेडिओ वगैरे. या पाऊणशे एमबीत तुमची अ‍ॅप्सच नाहीत. एसएमएस, जीमेलचा साठा, कॉन्टॅक्ट्स, ब्राउझरचा साठा हेही तिथेच. शिवाय अ‍ॅप बसवताना त्याच्या कोडची वेगळी, लगेच चालवता येईल अशी प्रत काढली जाते, म्हणजे २ एमबीचं अ‍ॅप प्रत्यक्षात त्याहून जास्त जागा घेतं.

मला आठवतंय, नकाशांचं नवं अपडेट आलं की मी आधी एखादं शब्दकोशाचं अ‍ॅप काढायचो, अपडेट करायचो आणि मग ते शब्दकोश परत बसतंय का बघायचो. सहसा बसायचं नाही. कॅशला दिलेले ६७.५ एमबी रोजच्या वापरात बहुतांश रिकामे पडून असतात, आणि ते बघून आजही जीव तुटतो.

उपाय दोन. रूट नसलेल्या फोनवर जुने संदेश पुसा, ब्राउझरचा साठा रिकामा करा, प्रत्येक अ‍ॅपचा साठा सेटिंगमधून पुसत राहा. रूट असेल तर कार्डावर ‘ईएक्सटी२’ प्रकारचा वेगळा भाग करून अ‍ॅप्स तिथे नेता येतात. कार्ड मात्र वेगवान घ्या. स्वस्त संथ कार्डावर अ‍ॅप्स नेली तर जागा मिळते आणि वेग जातो. गूगलने अ‍ॅप्स कार्डावर ठेवायची अधिकृत सोय २.२ मध्ये दिली, तोवर या फोनची अधिकृत अपडेट थांबली होती.

८. स्क्रोल करताना मधेच क्षणभर थांबतो. पडद्याचा दोष आहे का?

पडदा चांगला आहे. अँड्रॉइडची अ‍ॅप्स डाल्विक नावाच्या यंत्रणेत चालतात आणि या फोनवर प्रत्येक अ‍ॅपला त्यात १६ एमबीची मर्यादा आहे. वापरून झालेली मेमरी डाल्विकला अधूनमधून झाडून गोळा करावी लागते, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये झाडणं चालू असताना अ‍ॅप पूर्ण थांबायचं. तो थांबा डोळ्यांना जाणवतो. काम न थांबवता झाडण्याची सोय २.३ मध्ये आली.

९. आयफोन ३जी मध्ये तर १२८ एमबीच रॅम होती आणि प्रोसेसर ४१२ मेगाहर्ट्झ. तो गुळगुळीत कसा चालायचा?

प्रश्न रास्त आहे. तीन गोष्टी. एक, आयफोनची अ‍ॅप्स थेट प्रोसेसरच्या भाषेत तयार केलेली असत. डाल्विक तेव्हा प्रत्येक सूचना वाचत वाचत चालवायचं. दोन, आयफोनवर पडद्यावरची हालचाल ग्राफिक्स चिप सांभाळायची. अँड्रॉइडमध्ये बटणं, याद्या, अक्षरं हे सगळं प्रोसेसरच रंगवायचा, आणि अ‍ॅप्सचं ते काम ग्राफिक्स चिपकडे ३.० पासून गेलं. तीन, आयफोनवर बाहेरचं अ‍ॅप एका वेळी एकच. होम दाबलं की ते बंद. जी१ वर गाणी, चॅट, मेल सगळं मागे चालू राहायचं. अमेरिकेतून भाऊ चॅटवर असताना मी नकाशा बघत असायचो आणि त्याचा निरोप वरच्या पट्टीत यायचा. त्यासाठी थोडा अडखळणारा पडदा मला कधी महाग वाटला नाही.

१०. १.६ च्या पुढचं अपडेट का आलं नाही? आणि आता सायनोजेनमॉड टाकू का?

अधिकृत प्रवास असा: १.०, मग २००९च्या फेब्रुवारीत १.१, त्याच वर्षी १.५ आणि शेवटी १.६. पुढची आवृत्ती सिस्टिमच्या ६७.५ एमबीत गूगलच्या अ‍ॅप्ससकट बसवणं जिकिरीचं आणि ९७ एमबी रॅममध्ये चालवणं त्याहून जिकिरीचं. २.० ज्या फोनबरोबर आलं त्या मोटोरोला ड्रॉइडमध्ये २५६ एमबी रॅम होती, आणि २०१०च्या जानेवारीतल्या नेक्सस वनमध्ये ५१२.

हौशी मंडळींनी तरी ते बसवलंच. सायनोजेनमॉड ५ म्हणजे २.१ आणि सायनोजेनमॉड ६.१ म्हणजे २.२ या फोनवर चालतं. माझा सल्ला: रोज हाताळायचा असेल तर १.६ वर बेतलेलं सायनोजेनमॉड ४.२ उत्तम. ६.१ कुतूहल म्हणून टाका, पण कॉल आला की घंटा वाजल्यावर पडदा उजळायला वेळ लागेल अशी तयारी ठेवा. २.२ मध्ये डाल्विकला वेग देणारं जेआयटी आहे, पण तेही मेमरी मागतं. माझ्या फोनवर ते बंद ठेवल्यावरच बरं चाललं.

११. ‘डेंजर एसपीएल’ टाकल्यावर फोन जी१च्या लोगोवरच अडकला. वाचेल का?

रिकव्हरी (दुरुस्तीचा पडदा) आणि बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) दोन्ही उघडत नसतील तर घरच्या घरी वाचणार नाही, हे मला वाईट वाटत असूनही स्पष्ट सांगतो. ‘डेंजर एसपीएल’ हे एक बदललेलं बूटलोडर, ते प्रश्न ७ मधली वाटणी बदलतं: सिस्टिमला ९० एमबी, कॅशला ३०, बाकी अ‍ॅप्सना. पण त्याआधी फोनवर नवं रेडिओ फर्मवेअर असायलाच हवं. जुन्या रेडिओवर ते टाकलं की फोन उठत नाही. अनेकांचे फोन असेच गेले.

ज्यांनी अजून टाकलेलं नाही त्यांनी टाकूच नये. कर्नलला सुरू होतानाच वेगळी वाटणी सांगण्याची पद्धत नंतर निघाली. तिने हेच साधतं आणि बूटलोडरला हातही लावावा लागत नाही.

आधी तपासून बघा: कॅमेऱ्याचं बटण धरून पॉवर दाबा. रंगीत पट्ट्या किंवा स्केटबोर्डवरचे अँड्रॉइड दिसले तर बूटलोडर जिवंत आहे आणि आशा आहे. होम धरून पॉवर दाबलं तर रिकव्हरी.

१२. चॅटमध्ये ‘रीबूट’ टाइप केलं की फोन बंद होऊन चालू व्हायचा, हे खरं आहे?

अगदी खरं, पण फक्त सुरुवातीच्या फर्मवेअरवर, अमेरिकेतल्या आरसी२९ पर्यंत. कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर पडद्यामागे सर्वाधिकार असलेल्या एका शेललाही (आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामलाही) जात होतं. कुणीतरी ओळीच्या सुरुवातीला तो शब्द लिहून एंटर दाबलं आणि फोनने आज्ञा पाळली. आरसी३० मध्ये हे बंद झालं. फोन रूट करण्याची पहिली वाट याच भोकातून निघाली, आणि म्हणूनच जुन्या सूचनांमध्ये ‘आधी आरसी२९ वर परत जा’ असं लिहिलेलं असतं.

१३. दोन बोटांनी झूम का होत नाही?

पडद्याला दोन बोटं कळतात, सॉफ्टवेअर त्याकडे लक्ष देत नाही. बदललेल्या ड्रायव्हरने झूम चालतं. पण दोन बोटं एका रेषेत आली किंवा एकमेकांना ओलांडून गेली की पडदा गोंधळतो. ती मर्यादा मात्र हार्डवेअरचीच.

१४. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. फॉन्ट टाकला तर वाचता येईल?

अर्धवट. या आवृत्त्यांमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, म्हणून चौकोन. रूट करून फॉन्ट टाकला की अक्षरं दिसतात, पण ती जोडणारी यंत्रणा नसल्याने ‘कि’ची वेलांटी क नंतर पडते आणि ‘प्रश्न’ हा ‘प् र श् न’ असा सुटा सुटा दिसतो. आईने पाठवलेला मराठी एसएमएस मी असाच, अक्षर अक्षर जुळवून वाचलाय. तेव्हा कामाला आलं ते ऑपेरा मिनी: त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये अवघड लिप्या चित्ररूपात मागवायचा पर्याय होता. पानाची अक्षरं सर्व्हरवरच जुळून यायची आणि मराठी वर्तमानपत्र नीट वाचता यायचं. अर्थात फक्त ब्राउझरमध्ये. एसएमएसला त्याचा उपयोग नाही.

१५. आज सिम घालून चालेल का? व्हॉट्सअ‍ॅप?

कॉल आणि एसएमएस: एअरटेल किंवा व्हीआयचं सिम २जी वर चालतं. जिओचं चालणार नाही, जिओकडे २जी नाही आणि या फोनला ४जी नाही. एअरटेलने ३जी २०२० मध्येच बंद केलंय. सिम मोठ्या आकाराचं लागतं, नॅनो असेल तर अ‍ॅडाप्टर घ्या. फोन टी-मोबाइलला लॉक केलेला असेल तर आधी अनलॉक कोड लागेल.

वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडलं जातं. जोडलं तरी बहुतेक साइट उघडणार नाहीत, कारण साइटशी सुरक्षित जोडणी करायची आजची पद्धत, टीएलएस १.२, या अँड्रॉइडला येत नाही. गूगलनेही २७ सप्टेंबर २०२१ पासून २.३.७ आणि त्याआधीच्या अँड्रॉइडवर साइन-इन बंद केलंय. मूळ फर्मवेअर रीसेट केलंत तर फोन साइन-इनच्या पडद्यावरच अडकून राहील, म्हणून रीसेट करू नका. आधीच अडकला असेल तर गूगलच्या अ‍ॅप्सशिवायचं सायनोजेनमॉड टाका, त्यात तो पडदा येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही.

१६. बॅटरी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. नवीन असतानाही असंच होतं का?

हो. ११५० एमएएचमध्ये ३जी, वाय-फाय, जीपीएस आणि सतत चालणारं सिंक; मी दुपारी ऑफिसात एकदा चार्ज करायचोच. आता तुमच्याकडे मूळ बॅटरी असेल तर आधी ती काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने एका कोपऱ्यावर दाबा. गरगर फिरली किंवा डुगडुगली तर फुगलीय. ती पुन्हा घालू नका, ई-कचऱ्यात द्या. बदली घेताना ‘२२०० एमएएच’वाली जाड बॅटरी दिसली तर तिच्याबरोबर फुगीर झाकण लागतं, ते मिळतंय का बघा.

१७. चार्जर आणि हेडफोन कुठले?

चार्जिंगला आणि संगणकाला जोडायला साधी मिनी यूएसबी केबल बसते. ३.५ मिमीचं भोक या फोनला नाहीच. चार्जिंगच्याच फटीत एचटीसीचं ११ पिनांचं अ‍ॅडाप्टर लावून हेडफोन जोडावा लागतो. ब्लूटूथवर गाणी ऐकायला निदान अँड्रॉइड १.५ हवं.

१८. कीबोर्ड उघडला की पडदा पांढरा होतो. काय करू?

पडदा आणि खालचा भाग जोडणारी चपटी रिबन झिजलीय. दर उघडझापीत ती वाकते. माझीही २०१३ मध्ये गेली. लॅमिंग्टन रोडवर मॅजिकची, ड्रीमची अशी चौकशी करत फिरलो आणि शेवटी एका बंद पडलेल्या जी१ मधून काढून बसवली. तोवर फोन मिटलेलाच ठेवा आणि पडद्यावरचा कीबोर्ड वापरा, तो १.५ पासून आहे. उघडायला बसलात तर स्क्रू एका वाटीत आणि ते कुठून निघाले याचा फोटो काढून ठेवा. सगळे एका लांबीचे नाहीत.